बी, डू आणि हॅव: नवशिक्यांच्या इंग्रजी व्याकरणाचं एक सरावपुस्तक, अनेक महिन्यांच्या वापरानंतर

अगदी सुरुवातीपासून शिकणाऱ्यांसाठी असलेलं इंग्रजी व्याकरणाचं एक सरावपुस्तक आई आणि मी मिळून गेले कितीतरी महिने वापरतोय. घेतल्या घेतल्या लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा फारसा भरवसा नाही, कारण नवीन असताना कुठलंही पुस्तक छानच वाटतं. म्हणून शेवटच्या पानापर्यंत पोचल्यावर, आणि मधले काही धडे पुन्हापुन्हा गिरवून झाल्यावर हे लिहितेय. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही. याच बांधणीची पुस्तकं बऱ्याच प्रकाशकांची मिळतात आणि माझं म्हणणं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

बांधणी साधी आहे. डाव्या पानावर नियम आणि उदाहरणं, उजव्या पानावर स्वाध्याय, मागे उत्तरं, आणि त्याच्याही मागे अनियमित क्रियापदांचा तक्ता. मुखपृष्ठावर ‘ए वन – ए टू’ असं छापलेलं असतं. ही पातळी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीतली आहे. ए वन सगळ्यात खालची, सी टू सगळ्यात वरची. म्हणजे पुस्तक पहिल्या दोन पायऱ्यांपुरतंच बोलतं, आणि तेवढंच बोलतं हे चांगलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. या पुस्तकाचे पैसे पहिल्या एक तृतीयांश भागातच वसूल होतात. तिथे बी, डू आणि हॅव या तीन क्रियापदांवर इतका सराव करून घेतलाय की पुढचे काळ, प्रश्न, नकार, सगळं त्याच पायावर उभं राहतं. शाळेत आपल्याला बारा काळांचा तक्ता पाठ करायला लावतात. तो तक्ता पाठ असूनही दोन वाक्यं धड बोलता न येणारे लोक मी भरपूर पाहिलेत. या पुस्तकात तक्ता येतच नाही. आधी ‘आय ॲम’, ‘यू आर’, ‘शी इज’ पक्कं होतं, मग त्यांचा नकार, मग प्रश्न, आणि त्यानंतरच दुसरं क्रियापद येतं.

बी हे क्रियापद वरवर सोपं वाटतं. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन, बीइंग ही आठ रूपं झाली की संपलं, असं आपण समजतो. मराठी माणसाची अडचण रूपांत नसतेच. आपण म्हणतो ‘मला भूक लागलीय’, ‘मला थंडी वाजतेय’, ‘मला उशीर झालाय’. इथे कर्ता कोण? भूक, थंडी, उशीर. आपण स्वतः ‘मला’ होऊन बाजूला उभे असतो. इंग्रजीत मात्र माणूसच कर्त्याच्या जागी येतो आणि मध्ये बी लागतं: आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम लेट. वयाचंही तसंच, शी इज ट्वेन्टी. पुस्तक जगभरातल्या लोकांसाठी लिहिलेलं असल्यामुळे मराठीशी तुलना त्यात नाही, पण ही सगळी वाक्यं पहिल्याच धड्यात चित्रांसकट दिली आहेत. ती एकत्र समोर आल्यावर आईने आपणहून तशी आणखी वाक्यं करायला घेतली. नियम समजावण्याची गरजच पडली नाही.

डूचे धडे मला सगळ्यात आवडले. मराठीत विधानाचा प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ जोडला किंवा नुसता सूर बदलला तरी काम होतं. नकाराला ‘नाही’ आहेच. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळातल्या वाक्याला प्रश्न किंवा नकार करायचा म्हटला की बाहेरून डू आणावं लागतं, आणि तो किंवा ती असेल तर डझ. एका स्वाध्यायात ‘ही वर्क्स ऑन संडे’ या वाक्याचा नकार करायचा होता. आईने ‘ही डझन्ट’ लिहिलं, थांबली, वरच्या वाक्यातल्या वर्क्सच्या शेवटच्या एसवर पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, ‘अगं, हा एस इथून उठून डझमध्ये जाऊन बसलाय. मग पुन्हा वर्कला कशाला लावायचा?’ असं म्हणून ‘ही डझन्ट वर्क’ पूर्ण केलं. तृतीय पुरुषाचा हा नियम मी इतक्या ठिकाणी वाचलाय, पण इतका नेमका कुणी सांगितलेला आठवत नाही. पुढे भूतकाळ आला तेव्हा तीच किल्ली पुन्हा चालली. ‘शी वेंट’चा प्रश्न ‘डिड शी गो’, कारण भूतकाळ डिडने आधीच उचललेला असतो. पुस्तकाने हे दोन धडे शेजारीशेजारी ठेवले असते तर फार बरं झालं असतं. ते बरेच लांब आहेत.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजीला हे डू पहिल्यापासून लागत नव्हतं. सोळाव्या शतकात ‘नो यू हिम?’ असा थेट प्रश्नही सर्रास चालायचा. डू हळूहळू रुळत गेलं आणि १७०० च्या सुमारास बहुतेक पक्कं झालं. हे पुस्तकात नाही, असायची गरजही नाही. पण ‘हा डू कशाला?’ असं विचारणाऱ्याला मी हे सांगते. त्यात गूढ काही नाही, भाषेला लागलेली सवय आहे, एवढं कळलं की शिकणाऱ्याची चिडचिड कमी होते.

हॅवच्या बाबतीत मात्र पुस्तक थोडं कमी पडतं. मराठीत ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे वेळ आहे’, ‘या खोलीला तीन खिडक्या आहेत’ अशी तीन वेगळी वळणं आहेत आणि तिन्हींना इंग्रजीत एकच हॅव पुरतं. हा भाग छान जमलाय. पुढे तेच हॅव पूर्ण वर्तमानकाळात साहाय्यक क्रियापद होऊन येतं आणि त्याचं वागणं पार बदलतं. मालकीच्या हॅवचा नकार ‘आय डोन्ट हॅव टाइम’, तर साहाय्यक हॅवचा नकार ‘आय हॅवन्ट सीन इट’. एका ठिकाणी डू लागतं, दुसऱ्या ठिकाणी नाही. नवशिक्या इथेच अडखळतो, आणि दोन्ही धड्यांत एकमेकांचा साधा उल्लेखसुद्धा नाही. आम्ही दोन्ही पानांवर पेन्सिलीने एकमेकांचे क्रमांक लिहून ठेवले. तुम्ही घेतलंत तर तुम्हीही लिहा.

पूर्ण वर्तमानकाळ समजावताना दिलेल्या काळाच्या रेषा उत्तम आहेत. भूतकाळातला एक बिंदू, तिथून आजपर्यंत येणारा बाण. ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करते’ हे मराठीत साध्या वर्तमानात बसतं, म्हणून आपल्या तोंडात ‘आय वर्क हिअर सिन्स थ्री यर्स’ येतं. तो बाण डोळ्यांसमोर असला की ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री यर्स’ का, ते उमगतं. कालावधी सांगायला फॉर, सुरुवात कधी झाली ते सांगायला सिन्स. आणि यस्टरडे किंवा लास्ट वीक असा संपलेला काळ वाक्यात आला की हॅव गळून पडतं: आय सॉ हिम यस्टरडे. एवढ्यावर पुस्तकाने भरपूर सराव दिलाय.

आता मोठी तक्रार. स्वाध्याय जवळजवळ सगळे गाळलेल्या जागांचे आहेत, आणि धड्याच्या नावातच उत्तर दडलेलं असतं. धडा डझन्टचा असेल तर प्रत्येक रिकाम्या जागेत डोन्ट नाहीतर डझन्टच येणार. त्यामुळे दहापैकी दहा बरोबर येतात, आणि दुसऱ्या दिवशी बोलताना त्यातलं काही आठवत नाही. यावर आम्ही एक उपाय काढला. प्रत्येक गटाच्या शेवटी मिश्र सराव असतो, त्यात बी, डू, हॅव सगळे सरमिसळ येतात. धडे झाल्यावर तो मिश्र सराव एकदा, आणि काही आठवड्यांनी पुस्तक न चाळता पुन्हा एकदा करायचा. कोणता धडा खरंच डोक्यात बसलाय ते तिथे कळतं. शिवाय प्रत्येक धड्यानंतर स्वतःच्या आयुष्यातली पाच खरी वाक्यं वहीत लिहायची आणि मोठ्याने वाचायची. हा सराव पुस्तकात कुठेही सांगितलेला नाही, आणि आम्हाला फरक जाणवला तो मुख्यतः याच्यामुळे.

अ, ॲन आणि दच्या धड्यांनी निराशा केली. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे आपल्याला सगळ्यात जास्त मदत इथे हवी असते. पुस्तक याद्या देतं: नद्यांना द, बहुतेक देशांच्या नावांना नाही, वाद्यांना द. ॲन लावायचं ते अक्षर पाहून नाही, उच्चार ऐकून, म्हणून ‘ॲन आवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, हे मात्र नीट सांगितलंय. पण सगळ्यात कामाची गोष्ट, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणती वस्तू ते अजून ठाऊक नसेल तर अ आणि ठाऊक असेल तर द, ही एका छोट्या चौकटीत कोंबलीय. सुट्या वाक्यांत ती कळतही नाही, त्यासाठी सलग परिच्छेद लागतो. आम्ही सोप्या इंग्रजी गोष्टी घेऊन त्यातल्या प्रत्येक दला गोल केला आणि ‘ही वस्तू आधी कुठे आली होती?’ असं शोधत गेलो. द लहान मुलांच्या गोष्टींतून जितका कळला तितका या धड्यांतून कळला नाही.

अनियमित क्रियापदांचा तक्ता वर्णानुक्रमे आहे. शोधायला बरा, पाठ करायला निरुपयोगी. वहीत त्याचे गट पाडा: कट, पुट, हिट ही तिन्ही रूपांत न बदलणारी; बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट एकीकडे; सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक दुसरीकडे. सगळ्यात जास्त लागणारी बरीचशी क्रियापदं अनियमित आहेत, बी, हॅव, डू, गो, कम, सी, टेक, त्यामुळे हे टाळून चालणार नाही. स्थळाची इन, ऑन, ॲट चित्रांमुळे लवकर बसतात, वेळेची थोडी घोकावी लागतात.

सोबतचा ऑडिओ लोक ऐकतच नाहीत. तो ऐका. लिहिताना ईडी एकच असला तरी वर्क्डमध्ये तो ट ऐकू येतो, प्लेडमध्ये ड, आणि वॉन्टेडमध्ये इड. नुसत्या पानावरून हे कळायचा मार्ग नाही.

एक सुखाची गोष्ट पुस्तक सांगत नाही, ती मी सांगते. गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या या सगळ्यांना इंग्रजीत एकच वेंट. लिंगाप्रमाणे क्रियापद बदलायची भानगडच नाही. मराठी बोलणाऱ्याने याहून कितीतरी अवघड व्याकरण लहानपणीच, न शिकवता आत्मसात केलेलं असतं. इंग्रजीला घाबरलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलवरची ॲपही मधल्या काळात वापरून पाहिली. दिलेल्या पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायला ती शिकवतात. कोऱ्या ओळीवर वाक्य लिहायचं बळ आलं ते पेन्सिल आणि पुस्तकातूनच.

ज्यांना इंग्रजी अक्षरं आणि सोपी वाक्यं वाचता येतात त्यांनी हे बेलाशक घ्यावं. नियम इंग्रजीतूनच समजावलेले असले तरी भाषा इतकी साधी आहे की उदाहरणांवरून अर्थ लागतो, आणि सुरुवातीला कुणी शेजारी बसणारं असेल तर फारच उत्तम. अक्षरओळखच नसेल तर आधी वाचन शिका, मग याकडे वळा. ज्यांना वर्तमान आणि भूतकाळ सहज येतो त्यांनी थेट पुढच्या पातळीचं घ्यावं. आणि घेताना मागची पानं उघडून उत्तरं आहेत ना ते पाहून घ्या. अशा पुस्तकांची वर्गात शिकवण्यासाठी काढलेली, उत्तरं नसलेली आवृत्तीही असते, मुखपृष्ठ जवळजवळ सारखंच असतं, आणि घरी एकट्याने शिकणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.