कॉलेजचा समुपदेशन कक्ष : आमच्या घरचा अनुभव

मी घाटंजी तालुक्यातला. कृषी केंद्र चालवतो. धाकटा भाऊ अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजच्या समुपदेशन कक्षात आम्ही चारदा जाऊन आलो. ज्यांची पोरं बाहेर खोली करून शिकतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

पोळ्याला तो घरी आला नाही. एका मित्रानं ‘कंपनीत पार्टटाइम काम’ सांगून त्याला नागपूरकडे नेलं होतं. फोन लावला की तिकडून स्पीकर चालू, मागं कोणीतरी खोकायचं. “काऊन रे, बरा आहेस ना?” विचारलं की ठरलेलं उत्तर, “एकदम मस्त दादा, किटसाठी अठरा हजार पाठव.” बैलांची शिंगं दरवर्षी तोच रंगवतो. या वर्षी त्यानं बैलांचं नावही काढलं नाही. तिथंच मला खटकायला पाहिजे होतं. मी पैसे पाठवले.

खरं काय ते दिवाळीत कळलं. एका खोलीत अकरा पोरं, संध्याकाळी मोबाईल जमा, ओळखीच्या शंभर जणांची यादी करायची आणि त्यांनाही कंपनीत जोडायचं. घरी जातो म्हटलं की चौघं जण रात्री दोनपर्यंत समजावत बसायचे. ‘घरचे निगेटिव्ह आहेत, त्यांना सांगू नको.’ त्याच यादीतून त्यानं आमच्या शेजारच्यांचं पोरगंही तिकडं नेलं. परत आल्यावर जेवण सुटलं होतं ते त्यामुळंच.

वर्गशिक्षकांनी कक्षात पाठवलं. मॅडमनी पैशाचं आधी विचारलंच नाही. झोप लागते का, जेवण जातं का, एवढंच. इथलं बोलणं इथंच राहील, पण जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मग कोरा कागद दिला आणि आठवड्यानुसार लिहायला लावलं. पहिल्या आठवड्यात टाळ्या, जेवण, ‘तू वेगळा आहेस’. दुसऱ्यात मोबाईल गेला. तिसऱ्यात यादी. मॅडम म्हणाल्या, पोरांच्या डोक्यात द्वेष भरणारे गटही याच पायऱ्यांनी नेतात : आधी जीव लावायचा, मग आपल्या माणसांपासून तोडायचं, मग एक लहानसं काम करून घ्यायचं, म्हणजे पोराला परतायची लाज वाटते. तेव्हापासून गावातले व्हॉट्सॲप ग्रुप मी वेगळ्या नजरेनं वाचतो.

घरी आम्ही सगळे त्याला “तू फसला” म्हणत होतो. मॅडम म्हणाल्या, “तुला अडकवलं होतं.” पोरगं तिथंच रडलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

कामाची माहितीही मिळाली. यूपीआयनं पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. आम्हाला दोन महिने उशीर झाला होता. माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर 1978 च्या कायद्यानंच बंदी आहे, हे मला तिथं कळलं. तक्रार करायची की नाही, हे मात्र त्याच्यावरच सोडलं, दबाव टाकला नाही. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. तिथं चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. कक्षाचीही फी नाही.

आता तक्रार. कक्ष फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते दोन. दार स्कॉलरशिपच्या खिडकीला लागून, म्हणजे आत कोण गेलं ते रांगेतल्या सगळ्यांना दिसतं. पाटी इंग्रजीत. भाऊ फॉर्मसाठी किती वेळा त्या दारासमोर उभा राहिला असेल, पण आत काय आहे हे त्याला दीड वर्षात कोणी सांगितलं नाही. प्रवेशाच्या दिवशी आई-बापांना मराठीत दोन मिनिटं सांगितलं असतं, तर पोळ्यालाच मी मॅडमना फोन केला असता.

पुढच्या शुक्रवारी पाचवी खेप. शेजारचं पोरगंही येतो म्हणालं आहे. त्याचे वडील अजून आमच्याशी बोलत नाहीत, पण बसच्या भाड्याचे पैसे त्यांनीच त्याच्या हातात दिले.