टॅपेट कानाने लावायचे की फिलर गेजने?
तीन-चार लाख किलोमीटर झालेल्या डिझेल पिकअपचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर (दांडा) यांच्यातली बारीक गॅप, दोन तऱ्हांनी लावले जातात. एक, इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत स्क्रू आवळायचा. दुसरी, रात्रभर गार झालेल्या इंजिनवर फिलर गेज, म्हणजे ठराविक जाडीची पातळ पाती, घालून.

कानाची रीत झटपट. जुन्या मिस्त्रींचा कान तयार असतो, हेही खरं. पण कान सैल टॅपेट सांगतो, आवळलेला नाही. जास्त चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये (तो टेकतो त्या कड्यात) खोल बसत जातो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गॅप कमी होते आणि आवाज उलट मऊ होतो. गॅप संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही, कडा जळते. मग हेडच उतरवावं लागतं.

गेजला वेळ लागतो. क्रँक हाताने फिरवून सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणायचा, म्हणजे पिस्टन अगदी वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. डॉज रॅम या अमेरिकन पिकअपमधल्या १२ व्हॉल्व्हच्या कमिन्स ५.९ लिटर इंजिनला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. पाती ओढताना किंचित अडली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून पाती पुन्हा घालून बघायची. घाईत नेमकं हेच राहतं. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पाती त्यावर पूल बांधते, खरी गॅप जास्त राहते. तिथे गेजही फसतो.

तरी मी गेजच्या बाजूने. कानाने लावलेच असतील, तर दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर निदान एक्झॉस्टला पाती घालून बघा.