रविवारी सिडकोत मेक्सिकोची शिळी भाकरी

छत्रपती संभाजीनगरात रविवारी सकाळी बाहेर न्याहारी करायची म्हटले, की पोहे, इडली किंवा मिसळ यांपलीकडे सहसा पाय वळत नाहीत. आणि घरीच राहायचे ठरले, तर चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा दह्याबरोबर धपाटे यांवर रविवार साजरा होतो. त्यामुळे सिडकोतील एका बैठ्या घराच्या अंगणात दर रविवारी निरनिराळ्या देशांतील घरगुती न्याहारी मिळते, असे एका सहकाऱ्याने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. व्यवस्था साधी आहे. सुटीच्या दिवशी त्या त्या देशात घरोघरी होणारा एकच पदार्थ त्या रविवारी असतो. सकाळी आठ ते अकरा ही वेळ, चार टेबले, ताटाला १६० रुपये, आणि नोंदणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोनवर करावी लागते. गेल्या दिवाळीपासून मी तेथे आठ रविवार गेलो आणि सात वेळा जेवलो. उरलेल्या एका वेळी नोंदणी असूनही माझे ताट दुसऱ्याच कोणाला वाढले गेले होते, आणि त्याबद्दल मला चहा व दिलगिरी एवढेच मिळाले.

रांधणाऱ्या बाई मूळच्या परभणी जिल्ह्यातील. सगळे त्यांना काकू म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणतो. यजमानांच्या वाहनउद्योगातील नोकरीमुळे त्यांनी मेक्सिकोतील पुएब्ला शहरात तीन वर्षे काढली आणि तेथील शेजारणींच्या स्वयंपाकघरांत उभे राहून त्या शिकल्या; पुढे येथे विद्यापीठात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थिनींकडून उरलेले शिकल्या. त्यांच्या हातात उपाहारगृहाची सफाई नाही, आणि नाही तेच बरे आहे. आज काय आहे हे त्या अंगणातल्या फळ्यावर खडूने लिहितात आणि मूळ जिन्नस न मिळाल्यास त्याऐवजी काय वापरले तेही त्याच फळ्यावर लिहितात. हा प्रामाणिकपणा मी अन्यत्र पाहिलेला नाही.

सर्वांत आधी मेक्सिकोच्या चिलाकिलेसविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यासाठी मी दोनदा गेलो. आदल्या दिवशीच्या मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, त्रिकोणी कापून तळायच्या, साल्सा या आंबट-तिखट, चटणीसारख्या रश्श्यात मिनिटभर घोळवायच्या आणि वर कांदा, साय व चीज घालून लगेच वाढायच्या, एवढीच या पदार्थाची कृती आहे. मात्र खरी मेहनत तोर्तियांत आहे. आपल्याकडे मक्याची भाकरी थापणारीला ठाऊक असते, की हे पीठ गव्हासारखे धरत नाही. गरम पाणी घालून मळले तरी कडा फाटतातच. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात; चुन्यामुळे सालीचा चिवट भाग विरघळतो, दुसऱ्या दिवशी दाणे चोळून धुतले की साल निघून जाते, आणि मग जे ओले पीठ वाटले जाते ते लाटता येण्याइतके धरून राहते. याच क्रियेने मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू होते. मका अमेरिकेतून युरोपात पोहोचला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही, आणि जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर होते तेथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. काकू सिल्लोडकडचा मका आणतात आणि पानाच्या टपरीवर मिळतो तोच खायचा चुना वापरतात. मी शनिवारी संध्याकाळी नोंदणीच्या घोळाबाबत विचारायला गेलो असताना त्या परातीत दाणे चोळत होत्या. पिवळ्या साली पाण्यावर तरंगत होत्या आणि घरभर ओल्या चुनखडीचा, पावसाळ्यात नव्याने सारवलेल्या भिंतीसारखा वास होता.

हिरव्या साल्सासाठी लागणारा टोमॅटिलो आपल्याकडे मिळत नाही. तो रसभरीच्या कुळातला, कागदासारख्या आवरणातला आंबट फळभाजीचा प्रकार आहे. काकू कच्चे टोमॅटो, हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून कोथिंबिरीबरोबर वाटतात. मूळ साल्साचा गुळगुळीत दाटपणा त्यात येत नाही, परंतु आंबटपणा बरोबर साधतो. घरी फाडलेल्या दुधाचे खारवलेले छेने वर भुरभुरलेले असते आणि लिंबू पिळून पातळ केलेली साय धारेने सोडलेली असते. पहिल्या वेळी त्रिकोणाची कड कुरकुरीत आणि मध्य मऊ, असे एका घासात दोन्ही मिळाले. या पदार्थाची परीक्षा तीच. दुसऱ्या वेळी गर्दी होती, मोठी कढई एकदम कालवून ठेवलेली होती आणि ताटात लगदा आला. मराठवाड्यातील ज्याने भाकरीचा काला खाल्ला आहे त्याला लगद्याचे वावडे नाही, हे खरे. पण १६० रुपयांचा काला कोणी खाणार नाही. पार्सल तर मुळीच घेऊ नये.

यापेक्षाही सरस निघाला तो इथिओपियाचा फिरफिर. आंबवलेल्या पिठाच्या, जाळीदार, मोठ्या इंजेरा तेथील रोजचे अन्न. त्यांतल्या उरलेल्या हाताने फाडून कांदा, टोमॅटो, बेरबेरे हा लाल मसाला आणि मसाल्यात कढवलेले तूप यांच्या रश्श्यात परतल्या, की सकाळचा फिरफिर होतो. इंजेराचे मूळ धान्य टेफ. ते येथे मिळत नसल्याने काकूंनी मालदांडी ज्वारी वापरली, आणि त्यात गैर काही नाही, कारण खुद्द इथिओपियातही ज्वारीच्या इंजेरा होतात. ज्वारी हे धान्यच मुळात ईशान्य आफ्रिकेतले. तीन दिवस आंबवलेल्या पिठातले थोडे पीठ पाण्यात शिजवून, म्हणजे जवळजवळ उकड काढून, ते पुन्हा पिठात मिसळायचे ही त्यातली युक्ती. त्याला तेथे अब्सित म्हणतात, आणि त्यानेच पिठाला बांधणी येऊन जाळी पडते. काकूंच्या इंजेराला जाळी विरळ होती आणि ती जरा जाडच होती. परंतु आंबट वास आला तेव्हा मला थेट आजीच्या आंबिलाची आठवण झाली. तूप मेथीदाणे आणि वेलदोडे घालून कढवलेले होते, आणि ते लाल रश्श्यावर तवंगासारखे आले होते. खाताना मनात येत होते, की हे शहर ज्याने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवले तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अखेर निजामशाहीचा वजीर झालेला माणूस होता. त्याच्या जन्मभूमीची न्याहारी त्याच्या शहरात पोहोचायला चारशे वर्षे लागावीत, याची गंमत वाटते.

कोस्टारिका आणि निकाराग्वा या दोन्ही देशांचा गायो पिंतोही याच जातीचा. कालचा भात आणि कालचा घेवडा, कोस्टारिकात बहुधा काळा तर निकाराग्वात लाल, कांद्यावर परततात. नावाचा अर्थ ठिपक्यांचा कोंबडा, कारण पांढऱ्या भातात गडद दाणे तसे दिसतात. ताट चोख होते आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही, कारण फोडणीचा भात न आवडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

काकूंचा हात जेथे अडतो ते पदार्थ ताजे, वेळेचे पक्के आणि बिनशिळे असतात, असे सात रविवारांनंतर माझे मत झाले आहे. अमेरिकेतील सिएटल शहराशी ज्याचे नाव जोडले जाते तो भट्टीत फुगवलेला डच बेबी हा पॅनकेक बाहेर काढताच डेऱ्यासारखा उभा असतो आणि दोन-चार मिनिटांत बसतो. तो खाणाऱ्याने भट्टीची वाट पाहायची असते. येथे एकच लहान ओव्हन आणि बारा माणसे. माझ्या टेबलावर तो आला तेव्हा गोड ऑम्लेटखेरीज त्यात काही उरले नव्हते, आणि त्यासाठी मी ४० मिनिटे बसलो होतो.

तुर्कस्तानच्या मेनेमेनने निराशा केली नाही, तसा आनंदही दिला नाही. इझमीर प्रांतातील मेनेमेन या गावावरून नाव पडलेला हा टोमॅटो, मिरची आणि अंड्यांचा ओलसर पदार्थ. त्यात कांदा घालावा की नाही यावर तेथे हमरीतुमरी होते, आणि २०१८ साली एका प्रसिद्ध खाद्यसमीक्षकाने ट्विटरवर मतदान घेतले तेव्हा चार लाखांहून अधिक मते पडून कांदेवाले जेमतेम जिंकले. काकू कांदा घालतात, तेव्हा त्या बहुमतात आहेत. चूक झाली ती मिरचीत. ढोबळी मिरचीचा उग्र वास अंड्यावर चढून बसला होता; त्याऐवजी बाजारात सहज मिळणारी भज्यांची लांब, कमी तिखट मिरची घातली असती, तर मूळच्या पातळ सालीच्या मिरचीच्या बरेच जवळ जाता आले असते. सोबतचा पाव कोपऱ्यावरच्या बेकरीचा गोडसर पाव होता. ज्या देशात पाव हाच न्याहारीचा कणा आहे, तेथील पदार्थाबरोबर तो देऊ नये.

इजिप्त आणि सुदानमध्ये घरोघरी होणाऱ्या ‘फूल’ नावाच्या पदार्थासाठी सुके बाकले, म्हणजे पावट्यासारखे पण मोठे दाणे, रात्रभर मंद आचेवर शिजवतात. काकूंनी पावटे घेतले, आणि ‘आज बाकला नाही, पावटा आहे’ असे फळ्यावर लिहिलेही होते. सुदानी पद्धतीप्रमाणे त्यांनी वरून तिळाचे तेल सोडले, जिरेपूड आणि लिंबू दिले. साली तोंडात राहिल्या, परंतु तिळाच्या तेलाची धार पाहून शेजारच्या टेबलावरील एका आजोबांनी आपण होऊन भाकरी मागितली, ती त्यांना मिळाली, आणि मग आम्हा सर्वांनाच मिळाली. त्या ताटाला ती भाकरी फळ्यावर लिहिलेल्या पावापेक्षा किती तरी जास्त साजत होती.

चहाबद्दलही एक तक्रार आहे. देश कोणताही असो, सोबत आल्याचा, दुधाचा, भरपूर साखरेचा चहा येतो आणि तो उत्तम असतो. पण मेनेमेनबरोबर कोरा चहा हवा असल्यास तो मागावा लागतो आणि मागता येतो, हे कोणी सांगत नाही. गाडी लावायला जागा नाही, पाणी जारचे आहे, लहान मुलांसाठी कमी तिखट ताट आधी सांगितल्यास मिळते. साडेनऊनंतर जाण्यात अर्थ नाही.

मागच्या रविवारी चिलाकिलेसचे दुसरे ताट संपवून पैसे द्यायला आत गेलो, तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि काकू स्वतः खायला बसल्या होत्या. त्यांच्या ताटात शनिवारची ज्वारीची भाकरी कुस्करून, मोहरी, लसूण आणि शेंगदाण्यांच्या फोडणीत परतलेली होती, आणि तिच्यावर पातेल्यात उरलेला हिरवा साल्सा दोन चमचे ओतलेला होता. हे फळ्यावर का नाही, असे मी विचारले. ‘‘अहो दादा, हे काय विकायचं असतंय होय? घरचं खायलेय मी,’’ असे म्हणून त्यांनी बशीत थोडे वाढले. सातही रविवारांत मी तेथे खाल्लेले तेच सर्वांत चांगले होते. ते फळ्यावर यावे, आणि आले तर त्याचे १६० रुपये द्यायला मी तयार आहे, असे मी त्यांना सांगून आलो. अजून तरी फळ्यावर आलेले नाही.