वर्गात नुसतं इंग्रजीच, की मराठीचा आधार?

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचा तास नव्याने हाती आला की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे समोर बसतात ती मराठी अक्षरंही अजून गिरवणारी पोरं.

भाषांतराची रीत सोपी. वाक्य वाचायचं, अर्थ सांगायचा, पुढे जायचं. पोर्शन वेळेत होतो, मोठा वर्ग आवाक्यात राहतो. पण मूल मनात मराठी वाक्य जुळवतं आणि शब्दाला शब्द ठेवतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी, इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीतच, शिवाय निर्जीव वस्तूंनाही लिंग. एकदा एक मुलगी धावत आली, "सर, शी इज ब्रोकन!" कोण पडलं म्हणून मी धावलो, तर खुर्चीचा पाय मोडलेला. ती खुर्ची, म्हणून 'शी'. पोरीचं काय चुकलं?

दुसऱ्या रीतीत मराठी बंद; हावभाव, चित्रं, वस्तू यांवर सगळं. 'स्टँड अप', 'ओपन द डोअर' हे सांगता सांगता करून दाखवलं की पोरं लगेच उचलतात. पण 'ऑनेस्ट' आला आणि मी सापडलेलं पेन परत करायचं नाटक दहा मिनिटं केलं. अर्थ विचारला तर उत्तर आलं, "पेनवाला!" 'प्रामाणिक' म्हणून मोकळा झालो असतो.

माझं मत विचाराल तर पहिली-दुसरीला बेलाशक इंग्रजी. तुमचं इंग्रजी अडखळतं? रोजची वीस वाक्यं घोटून ठेवा, तेवढी पुरतात. वर्गातल्या सूचना सगळ्याच इयत्तांना इंग्रजीतून द्या. पाचवीपासून मात्र अमूर्त शब्द आणि व्याकरण खुशाल मराठीत. फळ्यावर 'मी आंबा खातो' आणि खाली 'आय ईट अ मँगो' लिहा, काय हललं ते मुलांनाच विचारा. "सर, हा 'अ' कुठून आला?" असं कुणी विचारलं की तास रंगतो. अख्खा धडा मराठीत उलगडणं मात्र टाळा. दहावीला तसं करावं लागतं, मीही करतो.

नंदुरबारकडच्या पाड्यावर किंवा बंजारा तांड्यावर नेमणूक असेल तर हा हिशेबच बदलतो. घरी पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला मराठीही शिकावीच लागते. तिथे आधी मुलांकडूनच त्यांच्या भाषेतले पन्नासेक शब्द शिकून घ्या.