जुनं ठाणं दुरुस्त करावं, तिथेच नवं बांधावं, की गावाबाहेर न्यावं?

छप्पर गळतं, पावसाळ्यात दप्तरावर ताडपत्री टाकावी लागते आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे तक्रारदाराला बसायला धड बाकडंही नाही. अशा ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रश्न तुमच्याकडे निघाला असेल, तर बहुधा तीन पर्याय पुढे येतील. आहे ती इमारत दुरुस्त करायची, त्याच जागेवर नवी बांधायची, किंवा गावाबाहेरच्या मोठ्या भूखंडावर जायचं.

बैठकीत तिसरा पर्याय पटकन पसंत पडतो. नकाशा ऐसपैस निघतो, निवासस्थानांनाही जागा मिळते आणि नवं ठाणं तयार होईपर्यंत जुन्यातलं काम थांबत नाही. या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. तरीही मी तो सर्वांत शेवटी विचारात घेईन. ठाण्याची पायरी चढणारा माणूस बहुतेकदा एसटीने येतो, नाहीतर चालत. मारहाण करून घराबाहेर काढलेल्या बाईने लेकराला कडेवर घेऊन रात्री नऊ वाजता अंधाऱ्या रस्त्याने तीन किलोमीटर जायचं कसं? फोनवरून 112 ला मदत मागता येते, हे खरं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही फिर्याद देता येते. पण तिची नोंद व्हायला तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे ठाण्याचं अंतर काही चुकत नाही.

‘जुन्या आवारात जागाच नाही’ असं सांगितलं, तर आधी आवारात एक चक्कर मारा. अनेक ठाण्यांत निम्मी जागा जप्त वाहनांनी अडवलेली असते. गंजलेल्या मोटारसायकली, वाळूचे ट्रॅक्टर, चाकं जमिनीत रुतलेले टेम्पो. ही वाहनं वर्षानुवर्षं ठाण्यात ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं आहे. नव्या संहितेच्या कलम 497 मध्ये तर मुदतीच आहेत: न्यायालयाने 14 दिवसांत मालमत्तेचं विवरण तयार करायचं, फोटो आणि व्हिडिओ घ्यायचे आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. मुद्देमालाचा निपटारा झाला, की त्याच आवारात नवी इमारत बसते, असं बऱ्याचदा दिसेल. निपटारा न करता मोठा भूखंड घेतला, तर तोही असाच भरून जाईल.

आता दुरुस्ती की नवं बांधकाम? याचं उत्तर इमारतीच्या वयावरून काढू नका, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. इंग्रजी अमदानीतल्या दगडी इमारतीच्या भिंती कित्येकदा भक्कम असतात आणि कुजलेलं असतं ते छपराचं लाकूड. तिथे दुरुस्ती सार्थकी लागते. उलट, चाळीस वर्षांच्या स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगल्या असतील, काँक्रीटचे पोपडे पडत असतील, तर गिलावा आणि रंग म्हणजे दोन पावसाळ्यांची सोय. तिथे नवी इमारतच बरी.

भिंती शाबूत असल्या, तरी आतली मांडणी बसते का, हे पाहावं लागतं. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि वेगळं स्वच्छतागृह हवं. मुद्देमाल कक्षाला ओल लागता कामा नये. पीडितेला चार लोकांसमोर बोलावं लागणार नाही, अशी दार बंद होणारी खोली हवी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, म्हणजे एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी. 2 डिसेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे प्रवेशद्वार, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू अशा सगळीकडे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लागतात, आणि साठवण शक्यतो 18 महिन्यांची, निदान वर्षाची. वीज बेभरवशाची असेल, तर सौरऊर्जेची सोय करण्याचंही त्याच आदेशात आहे. हे सगळं दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात धरलेलं नसेल, तर दुरुस्ती उगाच स्वस्त दिसते. नव्या इमारतीत हे पहिल्या रेषेपासून आखता येतं. जुन्या जाड भिंतींत कॅमेऱ्याला आंधळे कोपरे राहतात आणि कोठडीच्या बाबतीत तसा एक कोपराही चालणार नाही.

त्याच जागेवर नवी इमारत बांधण्यात एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे मधला काळ. भाड्याच्या घरात टेबलं मांडता येतात, पण कोठडी, शस्त्रं आणि मुद्देमाल कुठे ठेवणार? जवळच्या ठाण्याची कोठडी वापरायची ठरली, तर आरोपीची ने-आण करायला गाडी आणि माणसं लागतात. हे लेखी ठरल्याशिवाय जुन्या भिंतीला पहार लावू देऊ नका. जमत असेल, तर आवाराच्या मोकळ्या भागात नवी इमारत आधी उभी करा, जुनी नंतर पाडा.

आवार खरोखरच अपुरं असेल किंवा पुराचं पाणी दरवर्षी आत शिरत असेल, तर गावाबाहेर जाण्याला पर्याय नाही. तेव्हा मात्र एसटी स्टँडजवळ चोवीस तास अंमलदार असलेलं दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याच्या हाताखालची पोलीस चौकी, त्याच प्रस्तावात मागा. ‘पुढच्या टप्प्यात पाहू’ हे उत्तर स्वीकारू नका.