वोलापूक की एस्पेरांतो? उच्चार आणि अक्षरं

दोन्ही भाषा वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेल्या, दोन्ही रोमन लिपीतल्या. जर्मन पाद्री योहान मार्टिन श्लायर यांची वोलापूक १८७९-८०ची, झामेनहोफ यांची एस्पेरांतो १८८७ची.

वोलापूकमध्ये आठ स्वर. त्यांतल्या तिघांच्या डोक्यावर जर्मन वळणाची दोन टिंबं. ओठ गोल करून 'ई' म्हणायची सवय नसेल तर तिथेच अडायला होतं. 'र' मात्र श्लायर यांनी जवळजवळ वगळला, चिनी लोकांना तो जड जाईल म्हणून. हेतू मनापासूनचा, पण त्यामुळे 'वर्ल्ड'चं 'वोल' झालं आणि ओळखीचे शब्दही परके वाटू लागले. १९३१च्या सुधारित वोलापूकमध्ये 'र' परत आला.

एस्पेरांतोत स्वर पाचच. एका अक्षराला एकच उच्चार, आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. वोलापूकमध्ये तो शेवटच्या. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतले दोन 'च' आपण एकाच अक्षराने लिहितो, एस्पेरांतोत त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. मराठी माणसाला हे फार सोयीचं.

खटकतात ती वर चिन्हं असलेली सहा अक्षरं. छापखान्यात ती नसतील तर त्यांतल्या पाचांपुढे 'एच' जोडायची आणि सहाव्याचं, म्हणजे 'यू'वरचं, चिन्ह नुसतं गाळायची मुभा झामेनहोफ यांनीच दिली होती. एवढी अडचण सोसूनही मी एस्पेरांतोच निवडेन.