निळ्या ढालीची थाळी आणि घासून काढलेला शिक्का

व्हिएन्नामध्ये जुन्या पोर्सिलेनच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानदाराने १८०० सालच्या सुमाराची, शाही कारखान्यातील आणि हाताने रंगवलेली असे सांगून एक शोभेची थाळी मला सहाशे युरोंना विकली. मधोमध ग्रीक पुराणातील प्रसंग, कोपऱ्यात ‘कॉफमान’ अशी सही, पाठीमागे त्या कारखान्याचे चिन्ह असलेली निळी ढाल. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून लागणारे सर्व काही तिच्यावर होते.

अँजेलिका कॉफमान (१७४१–१८०७) ही नामवंत चित्रकर्ती खरी, परंतु अशा थाळ्या तिने रंगवलेल्या नाहीत. तिच्या चित्रांच्या प्रतिकृती मात्र पुढे अनेक कारखान्यांनी मुबलक वापरल्या, त्यामुळे थाळीवर तिची सही दिसली की संशय वाढायला हवा. भिंगातून पाहिल्यावर चेहऱ्यांवर ठिपक्यांची जाळी दिसली, म्हणजे चित्र छापील होते आणि कुंचला फिरला होता तो केवळ सोनेरी किनारीवर.

ढालीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १७१८ साली सुरू झालेला आणि १७४४ मध्ये राजसत्तेकडे गेलेला व्हिएन्नाचा हा शाही कारखाना १८६४ मध्ये बंद पडला. त्यानंतर उलटी धरल्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी ही ढाल जर्मनी व बोहेमियातील अनेक उत्पादकांनी बिनदिक्कत उचलली. त्या काळातील अस्सल निळी ढाल झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खाली आणि हाताने काढलेली, म्हणून किंचित वेडीवाकडी असते. माझ्या थाळीवरची अगदी रेखीव होती आणि नखाला लागत होती, म्हणजे झिलईच्या वर होती. शिवाय १७८३ नंतरच्या मालात वर्षाचे आकडे मातीतच दाबलेले आढळतात, जसे ८१७ म्हणजे १८१७. या थाळीत तसा आकडा नव्हता.

सर्वांत संतापजनक गोष्ट ढालीशेजारी होती. तेथे बोटाच्या पेराएवढ्या जागेवरची झिलई घासून काढलेली होती आणि ‘वापराने झिजले’ असे दुकानदाराने सांगितले होते. थाळीचा कड जिथे टेकतो तिथे झीज होते. तळाच्या खोलगट मध्यभागी एवढीच जागा झिजण्याचे कारण नाही. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे आवश्यक झाले, आणि असे नाव राहिले तर १८०० सालची बतावणी टिकत नाही, म्हणून ते घासले जाते.

तक्रार घेऊन गेल्यावर दुकानदाराने शांतपणे पावतीवर बोट ठेवले. तिच्यावर ‘व्हिएन्ना शैलीतील शोभेची थाळी’ एवढेच लिहिले होते. साल, कारखाना आणि हातकाम हे सर्व त्याने केवळ तोंडी सांगितले होते. पैसे परत मिळाले नाहीत.